स्तर वस्तूत असतो की करारात?

संगणकजाळ्यांच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. हब कोणत्या स्तरावर, स्विच कोणत्या, राउटर कोणत्या? उत्तर पाठ असते: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. त्याच रांगेत वायफायचा ॲक्सेस पॉइंट उभा केला की विद्यार्थी 'दुसरा' असे लिहून मोकळा होतो, आणि गुणही त्यालाच मिळतात. हे उत्तर चूक आहे असे मला म्हणायचे नाही. ते बरोबर आहे म्हणजे नेमके काय, हे विचारायचे आहे, आणि हा प्रश्न अभियंत्याइतकाच तत्त्वज्ञाचाही आहे. एखादे उपकरण दुसऱ्या स्तरावर आहे असे म्हणताना आपण 'गाय सस्तन आहे' अशा धाटणीचे विधान करतो, की 'अमुक गृहस्थ तहसीलदार आहेत' अशा धाटणीचे? पहिल्यात वस्तूच्या अंगी असलेले काही सांगितले जाते, दुसऱ्यात तिच्यावर सोपवलेले. माझ्या मते स्तर दुसऱ्या प्रकारात मोडतो: कोणी काय जाणून न घेता आपले काम करावे, याविषयीचा तो करार आहे. पण करार म्हटला म्हणून तो लटका ठरत नाही; तहसीलदाराची सही जन्मजात नसते, तरी सातबारा तिच्यावर हलतो. तारेच्या जाळ्यात हा करार सहसा डोळ्यांवर येत नाही, कारण तो उघडा पडण्याचा प्रसंगच क्वचित येतो. बिनतारी उपकरणे मात्र त्या कराराच्या हद्दीवरच नांदतात, म्हणून विचार त्यांच्यापासून सुरू करणे बरे.

ज्या मॉडेलच्या आधारे हा प्रश्न विचारला जातो, ते आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली 'आयएसओ ७४९८' या मानकातून प्रसिद्ध केले. भौतिक स्तरापासून ॲप्लिकेशनपर्यंत त्यात सात स्तर आहेत. त्याआधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट टीसीपी-आयपीवर गेले होते, आणि त्या कुळाच्या १९८९च्या 'आरएफसी ११२२' या दस्तऐवजात स्तर चारच मोजले आहेत. प्रत्यक्ष चालणारे इंटरनेट चार स्तरांचे आणि वर्गात शिकवले जाणारे सातांचे, अशी ही गंमत गेली कित्येक वर्षे चालू आहे. एवढ्यावरून स्तर काल्पनिक आहेत असे म्हणणे घाईचे होईल. मोजणी ढोबळ असू शकते किंवा बारीक. मोजायची वस्तू त्याने नाहीशी होत नाही, असे वास्तववादी म्हणेल आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे ती स्तराची व्याख्या. प्रत्येक स्तर वरच्याला एक सेवा देतो आणि ती कशी दिली हे झाकून ठेवतो. ब्राउझरला पान हवे असते. ते तांब्याच्या तारेतून आले, काचतंतूतून आले की हवेतून, हे त्याला कळू नये अशीच रचना आहे. आपल्या ज्ञानमीमांसेत अज्ञान बहुधा उणीव म्हणून, आवरण म्हणून येते. इथे ते ठरवून, मोजूनमापून दिलेले आहे. स्तर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्याला काय ठाऊक आहे यावरून ठरत नाही. काय ठाऊक नसले तरी चालेल यावरून ठरते.

बिनतारी जाळे हे तारेच्या घरात उशिरा आलेला पाहुणा आहे, असा एक समज आहे. इतिहास उलटा आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची टर्मिनल्स रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. त्या 'अलोहानेट'चा नियम साधा होता: सांगायचे असेल तेव्हा सांगा, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर प्रत्येकाने वाटेल तेवढा वेळ थांबून पुन्हा सांगा. या मोकळिकीची किंमत अशी की वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त सुमारे १८ टक्केच कामी येते. याच कल्पनेला शिस्त लावून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ती तारेवर आणली, आणि इथरनेट जन्मले. तारेचे तंत्र हवेतून उतरले होते. पुढे १९९७मध्ये '८०२.११' हे वायफायचे पहिले मानक आले तेव्हा मात्र हवेने तारेचे सोंग घ्यावे असे ठरले. त्या मानकाची व्याप्ती भौतिक स्तर आणि दुसऱ्या स्तराचा खालचा अर्धा भाग, म्हणजे माध्यमावर कोणी केव्हा बोलावे हे ठरवणारा भाग, एवढीच आहे. वरच्या अर्ध्याने सगळ्या जाळ्यांचा चेहरा सारखाच दाखवायचा. दुसऱ्या स्तराची अशी दोन शकले मूळ सातांच्या यादीत नव्हती. ती स्थानिक जाळ्यांच्या गरजेपोटी पडली.

आता ॲक्सेस पॉइंट आत काय करतो ते पाहू. तारेकडून येणाऱ्या इथरनेट फ्रेमवर दोन पत्ते असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. हवेतल्या फ्रेममध्ये चार पत्त्यांची जागा आहे आणि नेहमीच्या व्यवहारात तीन लागतात, कारण तिथे 'मूळ कोणी पाठवले' आणि 'आत्ता हवेत कोण बोलते आहे' हे दोन वेगळे प्रश्न होतात. तारेवर ते एकच भासतात. शिवाय हवेत एकाला उद्देशून पाठवलेली प्रत्येक फ्रेम पोहोचल्याची पोच लगेच यावी लागते. आली नाही तर ती पुन्हा पाठवायची. इथरनेटला असली पोच लागत नाही. संकेत क्षीण झाला की रेडिओ वेग उतरवतो, म्हणजे पहिल्या स्तराची अवस्था पाहून दुसरा स्तर आपले वागणे बदलतो. घरातल्या खोक्यात तर यापुढची सरमिसळ असते. तेच खोके राउटर असते, पत्ते बदलताना चौथ्या स्तरावरचे पोर्ट क्रमांकही बदलते, नव्या फोनला आयपी पत्ता वाटते आणि पासवर्ड बदलण्यासाठी एक वेबपानही दाखवते, जे सातव्या स्तराचे काम. २०११च्या '८०२.११एस' या जाळीदार वायफायच्या मानकात मार्ग शोधण्याचे काम दुसऱ्याच स्तरावर होते. ज्या कामावरून तिसऱ्या स्तराची ओळख सांगितली जाते ते हेच. परीक्षेच्या रांगेत आता याला कुठे उभे करायचे?

यावर जाणकार ताबडतोब म्हणेल की हा गोंधळ कृत्रिम आहे. स्तर उपकरणांचे नसतातच, कार्यांचे असतात. एका खोक्यात पाच कार्ये कोंबली तर दोष खोक्याचा. कार्ये मात्र आपापल्या स्तरावर नीट बसलेली आहेत. आक्षेप चांगला आहे, आणि अर्धा मान्य करावाच लागतो. पण कार्यांकडे वळलो तरी सुटका होत नाही. हरवलेले पुन्हा पाठवणे हे कार्य वायफाय दुसऱ्या स्तरावर करते आणि टीसीपी चौथ्यावर. गुप्तता वायफायच्या किल्लीने दुसऱ्या स्तरावर राखली जाते आणि बँकेच्या संकेतस्थळाशी बोलताना पुन्हा वरच्या स्तरावर. पत्ते दोन ठिकाणी, मार्गशोधन दोन ठिकाणी. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'टोकापासून टोकापर्यंत' या प्रख्यात युक्तिवादाचा गाभा हाच आहे. फाइल सुखरूप पोहोचली की नाही याची अंतिम खातरजमा दोन टोकांनीच करावी लागते. मधल्या स्तराने कितीही काळजी घेतली तरी टोकांची जबाबदारी टळत नाही. मधे काळजी घ्यायची ती वेग वाढावा म्हणून. याचा अर्थ, एखादे कार्य कोणत्या स्तरावर असावे हे त्या कार्याच्या स्वभावातून निघत नाही. ते कारणे देऊन ठरवावे लागते, आणि ज्याची कारणे द्यावी लागतात त्याचा निर्णय फिरूही शकतो.

हा पेच आपल्या परंपरेला अनोळखी नाही. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे मिथिलेचे उदयनाचार्य यांनी 'किरणावली'त एक कसोटी मांडली आहे: कोणता समान धर्म खरी 'जाती' मानावी आणि कोणता केवळ 'उपाधी'? जातीच्या आड येणारे सहा दोष ते सांगतात. त्यांतला एक 'संकर'. दोन धर्म कुठे वेगवेगळे राहतात आणि कुठे एकत्र येतात, असे असेल तर दोन्ही खऱ्या जाती असू शकत नाहीत. न्यायाच्या ग्रंथांतले ठरलेले उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व यांचे. आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी, जल, तेज, वायू हे दोन्ही आहेत. खऱ्या जाती एकमेकींत पूर्ण सामावतात किंवा पूर्ण अलग राहतात, अर्धवट छेदत नाहीत. ही कसोटी इथे लावली तर 'दुसऱ्या स्तराचे असणे' आणि 'तिसऱ्या स्तराचे असणे' हे धर्म साध्या स्विचमध्ये आणि साध्या राउटरमध्ये अलग आहेत, जाळीदार वायफायच्या बिंदूत एकत्र. म्हणजे संकर. स्तरत्व ही उपाधी झाली: खरेपणी लागू पडणारी, उपयोगी, पण वस्तूच्या गाभ्यातून न उमललेली. न्यायपरंपरेतच पुढे संकराला दोष मानायला नकार देणारे नव्य विचारवंतही झाले, हे इथे लपवून चालणार नाही. दोन जाती छेदल्या तर बिघडले काय, हा त्यांचा सवाल आजच्या वाचकाला अधिक पटेलही. त्यांच्या बाजूने गेलो तरी माझा निष्कर्ष टिकतो, कारण तो एकट्या संकरावर उभा नाही. जी सीमा मानक ठरवणारी समिती पुढच्या आवृत्तीत हलवू शकते, तिला वस्तूच्या स्वभावाची सीमा म्हणणे अवघड आहे. किमान भौतिक स्तर तरी निसर्गाचा आहे ना, असे कोणी विचारेल. तर २०२१मध्ये मंजूर झालेल्या '८०२.११एएक्स'मध्ये ॲक्सेस पॉइंट वाहिनीचे बारीक पट्टे करून एकाच क्षणी वेगवेगळ्या फोनना वाटून देतो. वाटणीचा निर्णय दुसऱ्या स्तराचा, वाटली जाणारी वस्तू पहिल्याची. लहरी निसर्गाच्या आहेत यात वाद नाही. 'इथपर्यंत पहिला' ही रेघ आपली आहे.

मग दुसरा आक्षेपक पुढे येतो, आणि तो मला पहिल्यापेक्षा धोकादायक वाटतो, कारण त्याचा सूर समजूतदारपणाचा असतो. स्तर ही शिकवण्यापुरती सोय आहे, त्याला खरेखोटे कशाला विचारायचे, असे तो म्हणतो. पण नुसती सोय मोडल्याने जाळी कोसळत नाहीत. १९८६च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून काही शे यार्डांवरचे बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर आला. वाहिनी तुंबली होती, पॅकेट गळत होती आणि प्रत्येक संगणक गळलेले पुन्हा पाठवून तुंबण्यात भर घालत होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये त्यावर जो उपाय मांडला तो आजही टीसीपीच्या मुळाशी आहे: पॅकेट हरवले की वाट तुंबली असे समजा आणि हात आखडता घ्या. तारेवर हे अनुमान जवळजवळ नेहमी खरे ठरते, कारण तारेत पॅकेट विरून जाण्याचे प्रमाण नगण्य असते. हवेत ते भिंतीमुळे, शेजारच्या जाळ्यामुळे, स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमुळेही हरवते. वाट मोकळी असते आणि तरी टीसीपी सभ्यपणे मागे सरकते. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतील, तो हाच: हेतू आहे, साध्य नाही. वायफायने प्रत्येक फ्रेमची पोच मागण्याचे एक कारण इथे सापडते. हवेचा हा स्वभाव वर कळू नये म्हणून खालीच डागडुजी करायची. १९९५मध्ये बर्कलीतच हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी 'स्नूप' नावाची युक्ती सुचवली. तिच्यात बिनतारी केंद्र आपल्या हद्दीबाहेर डोकावून आत चाललेला टीसीपीचा संवाद वाचते आणि हरवलेले पॅकेट परस्पर पुन्हा पाठवते. शास्त्रशुद्ध दृष्टीने ही आगळीक. पण ती कामाची होती.

या प्रकरणात चूक नेमकी कोणाची, हा मला सगळ्यात रंजक प्रश्न वाटतो. रेडिओने आपले काम केले. टीसीपीनेही आपले काम केले. दोघांच्या लेखी नियमांत खोटे वाक्य एकही नव्हते. खोटे ठरले ते दोघांमधले न लिहिलेले गृहीत, की हवेतही हरवणे म्हणजे तुंबणे. अद्वैत वेदान्तात प्रमाज्ञानाचे लक्षण देताना त्याचा विषय 'अबाधित' असावा असे म्हणतात. धर्मराजाध्वरींद्रांच्या 'वेदान्तपरिभाषे'त हे नेटके मांडले आहे. व्यवहारातले ज्ञान बाध होईपर्यंत प्रमाण, आणि तोवर त्याला खोटे म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. नैयायिकाच्या शेजारी वेदान्त्याला बसवताना दोन्ही दर्शनांचे हाडवैर मी विसरलेलो नाही. इथे फक्त बाधाची कल्पना उसनी घेतो आहे. स्तरांचे ज्ञान या अर्थाने व्यावहारिक आहे, आणि त्याचा बाध स्तराच्या आतून न होता सांध्यातून होतो. वायफायच्या सुरक्षेचा इतिहास याच सांध्यांचा इतिहास आहे. पहिल्या मानकातल्या 'वेप'ने तारेइतकी गुप्तता देण्याचे वचन दिले होते. तारेला गुप्तता कोणी दिली होती? कोणीच नाही. तार भिंतीच्या आत होती आणि दाराला कुलूप होते. ही सेवा पहिला स्तर न बोलता पुरवत होता, म्हणून ती कोणत्याही यादीत नव्हती. हवेत ती नाहीशी झाल्यावरच ती होती हे कळले. तिची भरपाई दुसऱ्या स्तरावर करायला गेलेले वेप २००१मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांच्या विश्लेषणाने उघडे पडले. २०१७मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी दाखवलेला 'क्रॅक' हल्ला तर याहून सूक्ष्म आहे. नंतरच्या, भक्कम मानलेल्या पद्धतीत किल्ली ठरवण्याचा संदेश हवेत हरवू शकतो म्हणून पुन्हा पाठवण्याची सोय होती. हल्लेखोर तोच संदेश पुन्हा पोहोचू द्यायचा आणि तीच किल्ली नव्याने बसवायला लावायचा. त्या देवघेवीच्या सुरक्षिततेची गणिती सिद्धता आधीच झालेली होती आणि ती चुकीची नव्हती. किल्ली प्रत्यक्ष केव्हा बसवायची याविषयी ती काही बोललेलीच नव्हती.

तर मग स्तरांची बंधने झुगारूनच द्यावीत, असा उत्साह २०००नंतरच्या बिनतारी संशोधनात खरोखर आला होता. २००२च्या 'आरएफसी ३४३९' या दस्तऐवजात तर स्तररचना घातक मानावी असे एका विभागाच्या मथळ्यातच म्हटले आहे. विकास कवाडिया आणि पी. आर. कुमार यांनी २००५मध्ये या उत्साहाला सावधगिरीचा इशारा देणारा लेख लिहिला, तो मला या विषयातला सर्वांत प्रौढ लेख वाटतो. त्यांचे एक उदाहरण असे: दुसऱ्या स्तराने संकेत पाहून वेग बदलावा ही चांगली कल्पना, तिसऱ्या स्तराने कमीत कमी टप्प्यांचा मार्ग निवडावा ही जुनी आणि चांगली रीत. दोन्ही एकत्र आल्या की मार्ग निवडणारा लांब लांब टप्पे पसंत करतो, लांब टप्प्यावर संकेत क्षीण होतो, वेग बदलणारा वेग उतरवतो, आणि दोन शहाणपणांच्या बेरजेतून आधीपेक्षा वाईट जाळे मिळते. सुधारणा करणाऱ्या प्रत्येकाला सगळेच माहीत असावे लागणे, ही स्तर मोडल्याची किंमत आहे. इतकी किंमत वसूल करणारी गोष्ट नुसती कल्पना म्हणून बाजूला सारता येणार नाही. उपाधी निर्माण आपण करतो, पण निर्माण झाल्यावर ती आपल्याला वागवते.

आणखी एक वाट उरते, आणि अध्यात्माची गोडी असलेल्या वाचकाला ती खुणावेल: सगळे स्तर उपाधी असतील तर खरी फक्त तळातली लहर, बाकी वरचे आरोप. तैत्तिरीय उपनिषदातल्या पाच कोशांशी सात स्तरांची जुळणी करण्याचा मोहही इथेच होतो. ती जुळणी मला मान्य नाही. शांकरमताने कोश एकेक करून ओलांडायचे असतात आणि आत जे उरते ते साध्य असते. जाळ्याचे स्तर ओलांडत खाली गेलो तर हाती लागते ती २.४ गिगाहर्ट्झची थरथर, आणि तिच्याकडे कितीही निरखून पाहिले तरी ती पुण्याच्या मुलीने मेलबर्नच्या आजीला पाठवलेला निरोप आहे हे तिच्यात कुठे दिसणार नाही. तोच निरोप ॲक्सेस पॉइंटपाशी हवेतून तारेत उतरतो, पुढे समुद्रतळाच्या काचेतून प्रकाश होऊन जातो आणि पलीकडे पुन्हा हवेत येतो. वाटेत एकही लहर टिकलेली नसते, निरोप टिकतो. त्याची एकता सांभाळणारे काही असेल तर ते वरच्या स्तरांचे करारच आहेत. तेव्हा तळ अधिक खरा आणि वरचे कमी खरे, ही उतरंड नुसती तळाकडे बोट दाखवून सिद्ध होत नाही. मानकानेही तळ गाठल्याचा दावा केलेला नाही. सात स्तरांच्या मॉडेलमध्ये प्रत्यक्ष माध्यम, मग ती तार असो की हवा, पहिल्या स्तराच्याही खाली, मॉडेलच्या बाहेर ठेवलेले आहे. तारेच्या बाबतीत हे खपून गेले, कारण तार विकत आणून जोडता येते आणि नंतर तिचा विचार करावा लागत नाही. हवा कोणाच्या मालकीची नाही. तिच्यात कोणी कोणत्या वारंवारतेवर किती जोराने बोलावे हे भारतात सरकारी नियम ठरवतात, आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा झाला तोही २००५च्या अशाच नियमांनी. ॲक्सेस पॉइंटचा सगळा खटाटोप, पोच, थांबणे, वेग उतरवणे, चार पत्ते, या मॉडेलबाहेरच्या वस्तूशी जमवून घेण्यासाठी आहे. 'दुसरा स्तर' या उत्तराला गुण द्यायला हरकत नाही. त्या हवेसाठी मात्र उत्तरपत्रिकेत रकाना नाही.